दसऱ्याचा काळा पडदा

दर दसऱ्याला शोभाबाई घरातल्या एकूण एक हत्यारांची पूजा करत. विळी, सुऱ्या, शिवणाचं मशीन, नवऱ्याचे, म्हणजे गुरुदत्तरावांचे, पाने आणि पक्कड, गॅरेजमधली गाडी आणि बर्फ शोव्हल करायचं फावडं. (फावड्याला कुंकू दोनदा. कॅनडातल्या विंडसरच्या हिवाळ्यात देवानंतर त्याचाच आधार.) लॅपटॉपला मात्र त्यांनी पूजेत कधी घेतलं नव्हतं. ज्याच्यापुढं बसलं की माणूस दिवसभर ढिम्म हलत नाही, ते कसलं हत्यार, असं त्यांचं मत. शाळा चौथीपर्यंतच झालेली; मतं मात्र त्यांनी पुढंही शिकवली होती.

पण २०१५ च्या दसऱ्याला सकाळी सात वाजता त्यांच्या मनात आलं, यंदा यालाही घेऊ. एवढंच मनात आलं. पुढचा सगळा गोंधळ या एवढ्याशातून झाला.

गुरुदत्तराव वॉशरूममध्ये होते, म्हणून अडवायला कुणी नव्हतं. शोभाबाईंनी लॅपटॉपचं झाकण उघडलं. (पूजा बंद दारावर करत नाहीत.) कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, बटणांवर अंगणातला झेंडू ठेवला आणि अक्षता वाहिल्या. चिमूटभर वाहायच्या असतात. त्यांनी मूठभर वाहिल्या. कारण आज या यंत्राकडून त्यांना मोठं काम करून घ्यायचं होतं.

आज सहा वर्षांनी त्यांचा भाऊ बोलणार होता.

सांगलीचे भाऊसाहेब हा त्यांचा एकुलता एक थोरला भाऊ. २००९ मध्ये भाच्याच्या लग्नाला शोभाबाई कॅनडाहून गेल्या होत्या. लग्नानंतर लतावहिनींनी दोन दिवस राबून पुरणपोळ्या केल्या. भरल्या पंगतीत पहिला घास घेऊन शोभाबाई म्हणाल्या, "वहिनी, ही पोळी आहे का विंटर टायर?" सांगलीत कुणाला विंटर टायर माहीत असायचं कारण नव्हतं. पण नवरदेवाने फोनवर शोधून त्याचा फोटो अख्ख्या पंगतीला दाखवला. वहिनी उठून आत गेल्या. भाऊसाहेबांनी पानावर पाणी सोडलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

आणि मागच्या महिन्यात चुलतभाऊ बाळ याच्यामार्फत निरोप आला. 'दसऱ्याला संध्याकाळी साडेसहाला मी कॉम्प्युटरवरून फोन लावीन. तोंड बघूनच बोलेन. पण आधी तोंड तिने उघडायचं, मी नाही. आणि ती आली नाही, तर बहीण नव्हती असं समजेन.'

सांगलीचे साडेसहा म्हणजे विंडसरचे सकाळचे नऊ. दहा दिवसांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला स्कारबरोहून आलेली अनन्या, त्यांची मुलगी, सगळी तयारी करून गेली होती. आईला हिरवं बटण कधी सापडत नाही, म्हणून स्काईपचा फोन आपोआप उचलला जाईल असंही करून ठेवलं होतं. "मॉम, जस्ट सिट अँड स्माइल," एवढंच तिने सांगितलं होतं.

साडेआठला शोभाबाईंनी अक्षता पदराने झटकल्या, कुंकू पुसलं आणि बटण दाबलं. दिवा लागला. पंखा घुरघुरला. पडदा काळा.

त्यांनी दहा आकडे मोजले. काळा. देवाचं नाव घेतलं. काळाच. आपण काय केलंय ते त्यांना पक्कं माहीत होतं. आणि ते कुणाला सांगायचं नाही, हेही त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

"अहो!" त्या ओरडल्या. "तुम्ही काल लॅपटॉपला काय केलंत?"

"मी? मी काल त्याला हातसुद्धा लावला नाही."

"तेच! महिनामहिना हात लावत नाही, म्हणून असं होतं!"

गुरुदत्तरावांनी एकतीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली होती. जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे चाकं काढलेली गाडी, अशी त्यांची समजूत. ते कान लावून बसले.

"इंजिन चालू आहे," ते म्हणाले. "हेडलाइट गेलाय."

"मग लावा की दुसरा!"

"थांब गं. आधी बॅटरी."

त्यांनी लॅपटॉप पालथा केला, बॅटरी काढली, फुंकली, अर्धा मिनिट बटण दाबून धरलं, बॅटरी परत बसवली. दिवा. पंखा. 'टिंग' असा आवाज. आणि काळोख.

"पाणी गेलं असणार," ते म्हणाले. "तू पुसलास का ओल्या फडक्याने? तांदळात ठेवूया. पाणी शोषून घेतं."

'तांदूळ' हा शब्द ऐकताच शोभाबाईंना घाम फुटला. "तांदळाचं नाव काढू नका!" त्या अशा काही कडाडल्या की गुरुदत्तराव दोन पावलं मागं सरले. तांदळाने त्यांच्या बायकोचं काय बिघडवलंय, हे त्यांना कळेना.

अनन्याला फोन लावला. "मॉम, आय ॲम ॲट वर्क. डिड यू ट्राय रीस्टार्टिंग?"

"तीनदा केलं! तुझे वडील तर आता गिअर शोधतायत!"

"डिड यू स्पिल समथिंग ऑन इट?"

"सांडलं काही नाही," शोभाबाई म्हणाल्या. (हे खरं होतं. वाहिलं होतं, सांडलं नव्हतं.) "बरं, कामात आहेस ना, कर काम." आणि मुलीने आणखी काही विचारायच्या आत फोन ठेवला.

पावणेनऊ झाले. दोघांकडे घडीचे जुने फोन. त्यात तोंड दिसायची सोय नाही. शोभाबाई चपला न घालताच शेजारी धावल्या. शेजारी नॉर्बर्ट आणि पॉलिन, वसईचे. नॉर्बर्टचं वसईत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून तीस वर्षं झाली, पण अजून कुणाच्याही घरी गेला की तो आधी टीव्हीच्या मागं डोकावतो.

"नॉर्बर्टभाऊ, चला! माझा भाऊ जातोय!"

नॉर्बर्टने छातीवर क्रूस केला. "कुठं ॲडमिट आहेत?"

"ॲडमिट नाही हो, सांगलीत आहे! लॅपटॉप मेलाय!"

नॉर्बर्ट पेचकस, टॉर्च आणि जपाची रोझरी घेऊन आला. (काय लागेल ते सांगता येत नाही.) लॅपटॉपसमोर बसून त्याने बंद करून चालू केला. 'टिंग.'

"आवाज येतो म्हणजे आत जीव आहे, वहिनी. पिक्चर तेवढं नाही. आमच्या जुन्या टीव्हीला असं झालं की आम्ही कडेला एक टप्पल..."

"मारा!"

"अहो हा टीव्ही नाही," गुरुदत्तराव म्हणाले.

"तुम्ही मघाशी गाडी म्हणालात, तेव्हा मी काही बोलले का? मारा हो तुम्ही!"

नॉर्बर्टने भीतभीतच टप्पल मारली. आणि बरोबर नऊ वाजता लॅपटॉप वाजायला लागला.

स्काईपची ती गुलूगुलू घंटा. शोभाबाई किंचाळल्या. गुरुदत्तराव उठले, वायरीत पाय अडकून पुन्हा बसले. तिघांची सहा हातांची बोटं काळ्या पडद्यावर आणि बटणांवर नाचली. दोनदा वाजून घंटा थांबली.

"कट झाला," गुरुदत्तराव म्हणाले.

पंखा तेवढा घुरघुरत होता. मग लॅपटॉपमधून खाकरल्यासारखा आवाज आला.

"हे काय?" शोभाबाईंनी विचारलं.

"फॅनचं बेअरिंग गेलंय," गुरुदत्तराव म्हणाले. "असाच आवाज येतो."

शोभाबाई खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच. समोर काळा पडदा, आणि हातात भावाला दाखवायला जमवलेली मेपलची पिवळी पानं. आपट्याचं झाड विंडसरला कुठलं मिळायला? सकाळपासून त्यांनी एकसारखी सात पानं निवडून ठेवली होती.

"संपलं," त्या म्हणाल्या. "तो आता आयुष्यात फोन करायचा नाही. मी ओळखते त्याला. लहानपणी माझ्याशी भांडला, तर तीन दिवस जेवायचा नाही. आणि रात्री मीच त्याच्या उशाशी भाकरी ठेवायची."

"वहिनी, उद्या पुन्हा..."

"उद्या नाही! सहा वर्षं मी इथं बसून भांडले त्याच्याशी. भांडी घासताना भांडले, बर्फ काढताना भांडले. तो समोर नव्हता म्हणून भांडण संपेना." त्यांनी नाक पुसलं. "आणि सगळं कशावरून, तर एका पोळीवरून."

"पण पोळी खरंच चामट होती ना?" गुरुदत्तराव समजूत काढण्याच्या सुरात म्हणाले.

"नव्हती!"

"म्हणजे?"

"लोण्यासारखी मऊ होती." शोभाबाई काळ्या पडद्याकडे बघत होत्या. आरशात स्वतःला सांगावं तशा. "लग्नाच्या आधी मी नवी कवळी बसवली होती ना? ती ढिली. पहिला घास घेतला नि कवळी पोळीला चिकटून बाहेर यायला लागली. भरली पंगत, व्याही समोर. मी घाबरले. दोष कुणावर तरी ढकलायचा, म्हणून पोळीवर ढकलला. तोंडाला आलं ते बोलून गेले. लतावहिनीसारखी पोळी आमच्या आईलासुद्धा जमली नव्हती."

पुन्हा लॅपटॉप खाकरला. या वेळी जरा जोरात.

"बेअरिंग पार गेलं," गुरुदत्तराव म्हणाले.

नॉर्बर्ट मात्र पुढं झुकला. पंखा खाकरतो, हे त्याला दुकानदार म्हणून पटेना. त्याने टॉर्च पेटवला आणि पडद्यावर अगदी जवळून तिरका धरला.

"जीझस," तो म्हणाला. "वहिनी, आत माणूस आहे."

टॉर्चच्या गोल उजेडात, काळ्या विहिरीच्या तळाशी दिसावी तशी, एक पांढरी मिशी दिसली. मग नाक. मग डोळे. भाऊसाहेब! त्यांच्या मागं फेटे, टोप्या आणि नथी दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि भाऊसाहेबांचा एक हात सगळ्यांना गप्प बसवायला वर उचललेला होता.

"दादा!" शोभाबाईंच्या तोंडून निघालं.

मिशी हलली. "झालं का बोलून?" आवाज अगदी स्वच्छ आला. "आधी तू तोंड उघडायचं ठरलं होतं. म्हणून थांबलो होतो. पण तू एवढं उघडशील असं वाटलं नव्हतं."

"तू... तुम्ही कधीपासून ऐकताय?"

"बेअरिंग गेलं तेव्हापासून."

फोन कट झालाच नव्हता. अनन्याने करून ठेवल्याप्रमाणे तो आपोआप उचलला गेला होता. दिसत नव्हतं ते फक्त इकडच्या लोकांना. सांगलीला सगळं लख्ख दिसत होतं.

"पडद्याचा उजेड कमी झालाय, बाकी सगळं ठीक आहे," नॉर्बर्ट उत्साहात आला. वरच्या ओळीतलं सूर्याचं चित्र असलेलं बटण त्याने दाबलं. पडदा उजळला आणि आपसूक पुन्हा मावळला. पुन्हा दाबलं, पुन्हा मावळला. "उजेड कमी करायचं शेजारचं बटण दबून बसलंय. खाली काहीतरी अडकलंय."

"काही नाही अडकलेलं!" शोभाबाई फार घाईने म्हणाल्या.

नॉर्बर्टने लॅपटॉप उचलून तिरका केला, मागून हलकेच टप्पल मारली आणि पेचकसाच्या टोकाने बटणाची कड उचलली. टेबलावर काहीतरी टिचकन पडलं. तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लालभडक.

पडदा लख्ख उजळला. त्या उजेडात गुरुदत्तरावांनी दाणा चिमटीत धरून आधी बायकोला दाखवला, मग सावकाश कॅमेऱ्याला.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणून तांदळाचं नाव काढायचं नव्हतं."

सांगलीत हशा पिकला. दसऱ्याचं सोनं द्यायला आलेली अख्खी गल्ली दिवाणखान्यात होती. गर्दीतून वाट काढत लतावहिनी पुढं आल्या. हातात ताटली, ताटलीत पुरणपोळी. काही न बोलता त्यांनी ती दोन बोटांनी उचलून कॅमेऱ्यापुढं धरली. पोळी रुमालासारखी लवली.

"दिसली का, वन्सं?"

"दिसली," शोभाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "चुकलं माझं, वहिनी."

"असू द्या. मी त्या दिवशी आत गेले ती रडायला नव्हते गेले. तुमची कवळी निम्मी बाहेर आलेली दिसली होती. हसू आवरेना."

"आणि मला नाही सांगितलंस?" भाऊसाहेब बायकोकडे वळले.

"तुम्ही बोलत होता का कुणाशी?"

शोभाबाईंनी मेपलची पानं वर धरली. "दादा, सोनं घे. सोन्यासारखा राहा."

"तूही राहा," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांची मिशी थरथरली. ते लपवायला त्यांनी आवाज चढवला. "आता तरी कवळी नीट बसते का गं, शोभे?"

"बसते म्हणजे!" सहा वर्षांचा सगळा जोर लावून शोभाबाई म्हणाल्या. "चांगली घट्ट ब..."

त्या 'ब'बरोबर कवळी सुटली आणि थेट बटणांवर पडली. शोभाबाईंनी विजेसारखा पंजा टाकून ती झाकली आणि दाबून धरली. दाबलेला पंजा नेमका त्याच बटणावर होता. पडदा मावळला, अंधुक झाला, पार काळा झाला.

शोभाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. काळोखात त्यांनी कवळी उचलली, पदराने पुसली, तोंडात घातली, जिभेने नीट बसवली आणि दोनदा चावून पाहिली.

"हं, आता बसली, वन्सं," लॅपटॉपमधून लतावहिनींचा आवाज आला. "डावीकडून जरा वर घ्या."