दगडाची आई शोधणारे वझलवारसाहेब

गेल्या सात जूनला आमच्या स्वयंपाकघरात नवा ओटा बसला. काळा ग्रॅनाइट, मजुरीसकट अठ्ठावीस हजार पाचशे रुपये. हजर माणसं चार: मी, पत्नी सुनीता, मुलगी ऋचा आणि कोणी बोलावलेलं नसताना समोरच्या फ्लॅटमधले वझलवारसाहेब. त्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, नाक टेकेपर्यंत ओट्यावर वाकले आणि म्हणाले, "सुनीताबाई, हा ग्रॅनाइट नाही."

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. मी बिलाकडे पाहिलं. बिलावर ग्रॅनाइटच होतं.

"दुकानदार कोणत्याही काळ्या दगडाले ग्रॅनाइट म्हणते. मी काहून म्हणू? यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, दाणे दाखवा मले. हा डोलेराइट आहे. मजबूत आहे, वाईट नाही. पण खानदान वेगळं."

तेव्हापासून आमच्या घरात ओटा हा शब्द बंद झाला. ऋचाला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीत. "पापा, चाय डोलेराइट पे रखी है," असं ती रोज सकाळी सांगते.

वझलवारसाहेब सत्तरीचे, अविवाहित. सरकारी नोकरीत त्यांनी सगळा जन्म डोंगरगड आणि बस्तरचे ग्रॅनाइट तपासण्यात घालवला. निवृत्तीनंतर रायपूरला तेलीबांध्यात आमच्यासमोर फ्लॅट घेतला, आणि इथल्या जमिनीत वरच्या थरात चुनखडी आहे याचं त्यांना मनापासून दुःख आहे. "जिंदगीभर ग्रॅनाइटवर हिंडलो अन् म्हातारपणी चुन्यावर येऊन पडलो," असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगतात.

दगड दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "याची आई कोण?" ग्रॅनाइट आभाळातून पडत नाही, आधीचा कुठला तरी दगड खोल जाऊन वितळतो, त्यातून तो जन्मतो, हे त्यांनी मला जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा दंतवैद्याच्या बाकावर समजावलं आहे. फार जुने ग्रॅनाइटी दगड सोडियमवाले. ते पुन्हा वितळून नंतर आले ते पोटॅशियमवाले. हाच नियम ते माणसांना लावतात. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातलं, म्हणून आम्ही सोडियमवाले. त्यांचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेत आले, म्हणून ते पोटॅशियमवाले. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला आलेल्या मुलांनाही त्यांनी असं वाटून टाकलं होतं. वर्गणी दोन्ही गटांना सारखीच दिली.

मी हिशेबतपासनीस. डोंगरगडचा ग्रॅनाइट किती जुना, असं एकदा विचारलं.

"अडीचशे कोटी वर्षं," ते म्हणाले. "एखादा कोटी इकडे-तिकडे."

"कोटी? इकडे-तिकडे?"

"मग काय भाऊ, पै-पैचा हिशेब देऊ?"

माझ्याकडे चाळीस रुपये जुळले नाहीत तर जेवण जात नाही. हा माणूस कोटी सोडून शांत झोपतो.

एका बाबतीत मात्र ते शांत नाहीत. त्या काळात जमिनीचे प्रचंड तुकडे आजच्यासारखे सरकून एकमेकांखाली जात होते, की तेव्हा पृथ्वीची रीतच वेगळी होती, यावर जाणकारांत वाद आहे. त्यावरून नागपूरच्या एकुलत्या एका मित्राशी साहेबांचं बोलणं बंद आहे. दिवाळीला ते त्याचा नंबर काढतात, पाहतात आणि ठेवून देतात.

जानेवारीत ऋचानं सांगितलं की तिला दीपकशी लग्न करायचं आहे. दीपक बँकेत आहे, सरळ मुलगा आहे, आणि जगदलपूरच्या अनाथाश्रमात वाढला आहे. आई-वडील कोण, कोणालाच माहीत नाही. आम्हा दोघांना मुलगा पसंत होता. अडचण अण्णांची; त्यांना घराणं कळल्याशिवाय सोयरीक मान्य नव्हती. वडील गेल्यावर या मोठ्या भावानं मला शिकवलं. ते मांडवात नसते तर मी ऋचाचं लग्न लावू शकलो नसतो.

अण्णा आले, आणि नेमके वझलवारसाहेब साखर मागायला आले. अण्णांना वाटलं, आपल्या बाजूचा माणूस मिळाला.

"साहेब, तुम्ही तर दगडाचीही आई विचारता. मग पोट्ट्याची विचारायला नको?"

साहेबांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"अण्णा, डोंगरगडच्या एका दगडाची आई मी तीस वर्षं शोधली. रसायन पाहिलं तर दोन-दोन रस्ते निघतात. नाही सापडली. म्हणून काय डोंगर उतरवून ठेवू?"

अण्णा चिडले. "ते ठीक आहे. पण व्याही भेटीला माझा भाऊ कोणाच्या गळ्यात हार घालेल? मुलाकडून उभं राहाले आहे कोण?"

"मी."

"तुम्ही कोण त्याचे?"

"आज कोणी नाही. रविवारपर्यंत होतो."

रविवारी ते खरंच दीपकला रेल्वेनं डोंगरगडला घेऊन गेले. संध्याकाळी दोघं परतले तेव्हा दीपकची बॅग गुलाबी ग्रॅनाइटनं फाटायला आली होती. सुनीतानं विचारलं, कसा गेला दिवस? दीपक हसला. "आंटी, अंकलजी दिनभर पत्थरों से पूछते रहे. मुझसे कुछ नहीं पूछा." मग बॅग खाली ठेवत म्हणाला, "पहली बार किसी ने नहीं पूछा."

अण्णाही तेव्हा आमच्याकडेच होते; त्यांनी हे ऐकलं. जाताना फक्त म्हणाले, "तारीख कळव."

लग्नाच्या दिवशी मुलाकडून चार मित्र, आश्रमातल्या दोन बाया आणि वझलवारसाहेब, कोट घालून, सगळ्यांच्या पुढे. दारात मी त्यांच्या गळ्यात हार घातला, त्यांनी माझ्या. मिठी मारताना त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळेना. अण्णांनीच मागून त्यांना ढकललं. "व्याहीबुवा, जोरात!"

मग मी शेला, नारळ आणि पाचशे एक रुपयांचं पाकीट वरपित्याचा मान म्हणून वझलवारसाहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि फोटोवाला बाजूला होईपर्यंत थांबून माझ्या कानाशी आले.

"भाऊ, हे आता वापस करायचं असते का?"

"नाही," मी म्हणालो. "हे तुमचंच."