सुपरहिरोचा केप आणि सासूबाईंची डाळिंबी

सगळं सुरू झालं ते मला केपचा रंग बदलावासा वाटला तिथून. केप म्हणजे सुपरहिरोच्या पाठीवर फडफडतं ते कापड. मोबाइलवरच्या या गेममध्ये हिरो फुकट मिळतो आणि त्याचा केप लाल असतो. म्हणजे सगळ्यांचाच लाल. आता मी पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये शेड मॅचिंग करतो, म्हणजे कापडाचा रंग नमुन्याशी जुळवतो. दिवसभर डोळे बारीक करून चिंध्या बघायच्या आणि "थोडा पिवळा टाका" म्हणायचं, हे माझं काम. तसला विटका लाल लेऊन मी जग वाचवणार नव्हतो.

(जग मी तसंही वाचवत नव्हतो. पहिला आठवडा उडालो की पाण्याच्या टाकीवर आपटायचो. एकदा जिला वाचवायचं त्या म्हातारीवरच पडलो. माझे पॉइंट कापले गेले, म्हातारी उठून चालू लागली.)

पण तिसऱ्या आठवड्यात जमलं. पुलावरून पडणारी अख्खी बस मी एका हाताने अलगद खाली ठेवली. बायकोला, योगिताला, धावत जाऊन दाखवलं. ती म्हणाली, आधी सिलिंडर उचलून आत ठेवा.

त्याच दिवसांत माझ्या मेव्हण्याचं, कुंदनचं, लग्न होतं. सासूबाईंची, म्हणजे उषाबाईंची, एकच इच्छा. त्या स्वतः आणि त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा अशा एकवीस बायका एकाच डाळिंबी साडीत, आणि त्यांचा एक फोटो. खानदेशातून या सगळ्या पुन्हा कधी एकत्र येतील, काही सांगता येत नाही. साड्या रंगवून आणायचं काम अर्थातच शेडवाल्या जावयाकडे. त्यांनी ब्लाउजपीसचा तुकडा दिला, मी त्याचा फोटो काढला. (फोटोवरून शेड मारू नये, हे मिलमध्ये नव्या पोरांना मीच शिकवतो.)

रविवारी दुपारी खपून खपून माझ्या केपचा रंग तयार झाला. असा हिरवा की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. केपचा फोटो कुंदनला पाठवायचा होता, कारण तो गेममध्ये माझ्या टीमला आहे. आणि डाळिंबीचा फोटो आमच्या मिलमधल्या भिकन मास्टरला. मी ते उलटे पाठवले.

कुंदनने लिहिलं, जिजू, हा कलर लेडीज वाटतो. मी लिहिलं, तुला शेडमधलं काय कळतं. मग भिकनचा मेसेज आला: "ललितभाई, पक्का हाच?"

त्या वेळी माझ्या छातीवर आठ हातांचा लोखंडी राक्षस बसला होता. एका अंगठ्याने त्याला बडवत दुसऱ्याने मी लिहिलं: "हाच. फायनल. चालव."

राक्षस मेला. माझ्या आयुष्यातला तो सर्वात मोठा विजय. आणि तिकडे एकवीस साड्या मशीनमध्ये गेल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी भिकनने बांधून दिलेलं गाठोडं न उघडता मी बाइकवर टाकलं आणि सासरी नेलं. योगिताने ते सोडलं. खोलीत हिरवा उजेड पडला. सासूबाईंनी एक साडी खिडकीशी धरून बघितली, मग सावलीत धरून बघितली.

"जावईबापू, हाई डाळिंबी शे का?"

मी म्हणालो, कच्चं डाळिंब असेल. (हे बोलायला नको होतं.)

"माले एकच फोटू पाहिजे व्हता," त्या हळूच म्हणाल्या, आणि घडी घालायला लागल्या. तेव्हा मात्र मला राक्षसाच्या खालीच बरं होतं असं वाटलं. शेवटी त्यांच्या जाऊबाई, शोभाबाई, म्हणाल्या की रंग कोणता का असेना, सगळ्या एकसारख्या तर दिसू. दुसऱ्या साड्या आणायला वेळही नव्हता.

दुसऱ्या दिवशी डिंडोलीच्या लग्नाच्या हॉलमध्ये राहुल फोटोग्राफरने कोपऱ्यात हिरवा पडदा लावला होता. पडद्यापुढे उभं राहायचं, मग कॉम्प्युटर पडद्याच्या जागी स्वित्झर्लंड टाकतो. एकवीस जणी ओळीने उभ्या राहिल्या. मी पडदा बघितला, साड्या बघितल्या आणि कामाच्या सवयीने माझी छाती फुगली. जराही फरक नव्हता. इतकी तंतोतंत शेड मी पगार घेऊनसुद्धा कधी मारलेली नाही. तेवढ्यात सासूबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी मलाही बोलावून मधोमध उभं केलं, साड्यांना मॅचिंग म्हणून योगिताने महिनाभर आधी घेऊन ठेवलेल्या डाळिंबी कुर्त्यात. संध्याकाळच्या गाडीने सगळ्या पाहुण्या नंदुरबारकडे निघून गेल्या.

आठ दिवसांनी अल्बम आला. मागे बर्फाचे डोंगर. त्यांच्यासमोर हवेत लटकलेली एकवीस डोकी, गजऱ्यांसकट. खाली बेचाळीस हात, बांगड्यांसकट. मध्ये काहीच नाही, नुसता बर्फ. आणि मधोमध मी, डोक्यापासून चपलांपर्यंत शाबूत. राहुल म्हणाला, कॉम्प्युटर हिरवं तेवढं काढतो, त्याला बायका कळत नाहीत. मूळ फोटो मागवून बघितला. तिथेही हिरव्यात हिरवं, वर नुसती डोकी.

सासूबाईंनी चष्मा लावून एकेक डोकं मोजलं. एकवीस भरली. तोंडं तर सगळ्यांची आली, म्हणाल्या, आणि मोठी फ्रेम करून तो फोटो घरच्या हॉलमध्ये लावला.

आता सासरी कोणीही आलं की आधी त्या फोटोपुढे थांबतं. बायकांचं बाकीचं कुठे गेलं, आणि हा मधला अख्खा माणूस कोण, असं विचारतं. सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करत सांगतात:

"मना जवाई. ज्यानी हाई करं, तोच पुरा दिसस."