नावावर काहीच नसलेले गुलाबनाना

गुलाबनानांच्या नावावर काहीच नव्हतं. ते गरीब होते असं मात्र समजू नका. अमळनेरला त्यांची तेलगिरणी होती, दोन मजली घर होतं, दारात मोटार होती. पण गिरणी पुतण्याच्या नावावर, घर मेहुण्याच्या, मोटार मुनीमजींच्या, आणि रेशनकार्डावर अजून स्वर्गवासी वडील. एसटीत शेजारच्या प्रवाशाने सहज नाव विचारलं तरी नाना आधी म्हणत, "कशाले पाहिजे?"

आमची त्यांची भिंत एक. मी मुलींच्या वसतिगृहाची चिटणीस. देणगीदारांची यादी केली की पहिलं नाव नानांचं लिहायचं आणि शेवटी खोडायचं, हा दरवर्षीचा क्रम. एकदाच त्यांनी पंखा दिला. आमच्याकडे पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. नाना धावत आले. "अक्का, नाव नका टाकू. उद्या कोनी इचारी, पंखा कोठून आना?" शेवटी पात्यांवर 'एक सद्गृहस्थ' असं लिहिलं. मुली त्या खोलीला अजून सद्गृहस्थाची खोली म्हणतात.

बाकी नाना जागरूक नागरिक. गल्लीत खड्डा पडला, दवाखान्यात डॉक्टर नसला, नळाला पाणी आलं नाही, की ओट्यावर उभे राहून गरजत, "सरकार काय करी ऱ्हायनं? पैसा जास कोठे बठ्ठा?"

मी एकदा म्हटलं, "नाना, तुम्ही कर भरलात तर थोडं कळेल."

"मी कशाना भरू? मन्हा नाववर काय शे?"

खरंच काही नव्हतं.

गिरणीचा नफा मात्र कुठेतरी दाखवायला लागतोच. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून नानांनी शिंदखेड्याकडे, मामेभावाच्या नावावर, खडकाळ जमीन घेतली आणि त्यात केळी लावली. कागदावर. तिथे प्यायला पाणी नव्हतं, पण नानांची केळी रावेरच्या बागायतदाराला लाजवील अशी पिकत होती. पुढे एक तरुण अधिकारी आला आणि म्हणाला, बाग बघायचीय.

नानांनी ट्रकभर केळीचे खांब आणून रानात रोवले. आपण लग्नाच्या मांडवाला बांधतो ना, तसले. लांबून बाग झकास दिसत होती. अधिकारी उन्हाने दमला आणि टेकायला म्हणून त्याने एका खांबाला हात लावला. खांब अलगद त्याच्या कुशीत आला.

"साहेब, नवी जात शे," नाना शांतपणे म्हणाले. "इन्ही मूळ वरवरच ऱ्हातस."

महिन्याभरात अधिकाऱ्याची बदली झाली. नानांची केळी पुढची कित्येक वर्षं फळत राहिली.

पण ही झाली इकडची गोष्ट. खरी गंमत तिकडची. गिरणीतून पेंड परदेशी जायची. तिची किंमत निम्मी इकडे यायची, निम्मी तिकडेच एका बँकेत राहायची. ती बँक विलायतेजवळच्या कुठल्याशा बेटावर होती. उन्हाळ्यात तापीच्या पात्रात वाळूचा उंचवटा उघडा पडतो, तसंच काहीसं ते बेट असावं, असं नानांचं मत. तिथे परक्या माणसावर विसंबायचं कसं? म्हणून त्यांनी एकुलत्या एक मुलाला, दिलीपला, पुरता विशीतही नसताना लंडनला पाठवून दिलं. गावात सांगितलं, शिकायला गेला. मला सांगितलं, "राखणले कोनी तरी पाहिजे ना."

दिलीपचा फोन महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, आमच्या घरी यायचा. नानांच्या घरात तीन फोन होते, पण सरकार ते ऐकतं अशी त्यांची खात्री. "तुमना फोनवर कोन कान लावी, अक्का? तुम्ही तर पाणीपट्टी बी वेळवर भरतस." हे कौतुक नव्हतं.

नाना धुतलेली टोपी घालून अर्धा तास आधीच येऊन बसत. बोलणं सगळं सांकेतिक. खातं म्हणजे मळा, रक्कम म्हणजे केळी.

"मळा कसा शे? घड मोठा व्हयना का? नही, आत्तेच तोडू नको. पिकू दे."

पलीकडून दिलीप आकडे सांगायचा, नाना हुं हुं करायचे. ठेव पुढे चालू ठेवायला त्यांचा होकार लागायचा. तो मिळाला की फोन संपला. नानांची बायको केव्हाच वारली होती, त्यामुळे घरचं विचारायला पलीकडेही कारण नव्हतं. दिलीपचं लग्न झाल्याचं नानांना अशाच एका फोनमध्ये, व्याजाच्या दरानंतर कळलं. मुलगी कोण, कुठली, विचारेपर्यंत लाइन बंद. महिनाभर त्यांनी तो प्रश्न जपून ठेवला. पुढच्या खेपेला विचारला तेव्हा दिलीप म्हणाला, "मागे सांगितलं ना? बरं, आकडा घ्या."

मग सरकारने माफीची योजना काढली. दडवलेलं सांगा, कर भरा, पुढे विचारणार नाही. माझ्यासारख्या, पगारातूनच कर कापला जाणाऱ्या माणसांना अशी माफी कधी कोणी देत नाही. पण असो. नानांचे कर सल्लागार देसले महिनाभर त्यांच्या मागे लागले. "नाना, बेटावरचं खातं बंद करा, सगळं जाहीर करा. मुदत गेली तर दंड आहे, खटला आहे. या वयात कोर्टाच्या खेपा जमतील का?"

नाना कुरकुरत का होईना, तयार झाले. गल्लीत सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मला सर्वांत जास्त.

मुदतीच्या आधीचा शेवटचा रविवार. देसले कागद भरून आमच्या बैठकीत बसलेले. दिलीपने शेवटचा आकडा सांगायचा, नानांनी सही करायची, की झालं. फोन आला. नानांनी आकडा मोठ्याने म्हटला, देसल्यांनी पडताळला आणि खूष होऊन मान हलवली. अगदी बरोबर.

पलीकडून दिलीप काहीतरी म्हणाला. खोली लहान, मला स्पष्ट ऐकू आलं. "झालं मग, आबा. आता ही कटकट संपली. आता फोनची गरज नाही पडायची."

नानांनी टोपी काढली, परत घातली.

"दिलीप," ते म्हणाले, "आकडा चुकना शे."

देसले ताडकन उठले. "चुकला? कुठे चुकला?"

नानांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "तू गुपचूप बस रे." मग पुन्हा फोनात, "हां, चुकना शे. नीट देख. घाई नही. पुढला रविवारले सांग."

फोन ठेवला. देसले लालबुंद झाले होते. "अहो, मुदत मंगळवारी संपतेय! पुढच्या रविवारी काय उपयोग? अक्का, तुम्ही तरी सांगा. पैशाचा इतका लोभ!"

नानांनी कर बुडवला, वर्षानुवर्षं बुडवला. त्याची शिक्षा त्यांना व्हायला हवी, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. ते मी नानांना तोंडावर कैकदा सांगितलंय. पण त्या दुपारी मी आत जाऊन तिघांसाठी चहा ठेवला.

बाहेर आले तर देसले दंडाचा हिशेब मोठमोठ्याने सांगत होते. नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"अक्का, आते तठे काय वाजनं व्हई?"

"सकाळचे दहा वाजले असतील."

"मंग न्यारी व्हयनी व्हई त्यानी," नाना म्हणाले, आणि त्यांनी चहाची बशी उचलली.