मागे न जाणारी मोटार

कुकरची रिंग आणायला गेलेला माणूस संध्याकाळी लाल मोटार घेऊन घरी आला, यात त्याची तशी काही चूक नव्हती. रिंगचं दुकान बंद होतं आणि त्याला लागून असलेलं गॅरेज उघडं होतं. एवढंच.

या गृहस्थांना अख्खी बिल्डिंग 'बहुतेकराव' म्हणते. जेवलात का, असं विचारलं तरी "हो, बहुतेक" असं उत्तर येतं. विमा कंपनीत क्लेम तपासायच्या टेबलावर बसतात. लोकांची रडगाणी वाचायची आणि खाली 'दोष आधीपासून माहीत होता, सबब क्लेम नामंजूर' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. अशा माणसाने तरी डोळे उघडे ठेवायला नकोत? पण गाडीच तशी होती. अंगाने चिमुकली, इंजिन मात्र राक्षसाचं. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की सीट पाठीत गुद्दा घालायची.

गॅरेजवाला बिचारा प्रामाणिक निघाला.

"काका, आधीच सांगतो. तापली की रिव्हर्स पडत नाही. या मॉडेलचा खानदानी आजार आहे. सगळ्या मेकॅनिकांना विचारा, सगळे हेच सांगतील."

"मागे जायचंय कुणाला?" बहुतेकराव छाती काढून म्हणाले. (बायको समोर नसली की छाती निघते.) "आपण पुढे जाणारी माणसं!"

घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी विचारलं, "अहो, जुनी गाडी ती. काही बिघाड नाही ना?"

"छे! नाही... बहुतेक."

त्या दिवसापासून बहुतेकरावांचं सगळं आयुष्य पुढच्या दिशेने सुरू झालं. गाडी फाटकाबाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावायची. बाजारात जागा सापडली तरी मागे घ्यावी लागेल म्हणून पुढे जायचं, ते मंडईला प्रदक्षिणा घालून पुन्हा तिथेच यायचं. ऑफिसच्या तळघरात तर रिव्हर्सशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ऑफिसला पूर्वीसारखं बसनेच! "व्यायाम होतो," असं सांगायचे. बसमध्ये बसून कसला व्यायाम, हे वहिनींनी विचारलं नाही.

सगळ्यात मोठा वांधा झाला सासुरवाडीला. सासूबाईंचं घर बंद गल्लीच्या टोकाला. एरवी चहाचा कप खाली ठेवायच्या आत चपला शोधणारा जावई त्या दिवशी इंजिन थंड होईपर्यंत गप्पा मारत बसला, सासऱ्यांच्या गुडघेदुखीची सुरुवातीपासूनची हकीकत ऐकली, वर "मग पुढे?" असंही विचारलं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "इतक्या वर्षांनी माया लागली हो जावयाला!"

इथवर ठीक होतं. पण वहिनी घरी पडदे शिवतात, आणि गिऱ्हाइकांकडे पडद्यांचे गठ्ठे पोचवायला दरवेळी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. म्हणून त्यांनी लायसन्ससाठी परीक्षा दिली होती. पुढे झकास गेल्या, मागे येताना परीक्षेच्या मैदानातला ड्रम आडवा केला. नापास. घरी येऊन शिलाई मशीनवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या होत्या. आता पुन्हा बोलावणं आलं.

"या वेळी आपली गाडी नेणार," त्या म्हणाल्या. "आपली ती आपली."

बहुतेकरावांच्या हातातला घास हातातच राहिला. खरं सांगावं, तर इतके महिने थाप मारली हे उघड होणार. न सांगावं, तर बायको नापास. शेवटी त्यांनी ठरवलं, की लवकर जायचं, गाडी थंड होऊ द्यायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

गेलेही लवकर. वहिनी मैदानालगतच्या कचेरीत कागद दाखवायला गेल्या. ऊन तापलं होतं. बायको येईल तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून या प्रेमळ नवऱ्याने एसी लावला. (एसी इंजिनावर चालतो, हे त्यांना माहीत होतं. बहुतेक.) वहिनी अधिकाऱ्याला घेऊन आल्या तेव्हा बॉनेटवर हात ठेवला असता तर फोड आला असता.

वहिनी स्टिअरिंगवर बसल्या आणि ओठ घट्ट मिटून मागच्या ड्रमांकडे बघू लागल्या. ते बघून मात्र बहुतेकरावांना राहवेना. ते थेट गाडीला आडवे आले.

"साहेब, थांबा! हिला नापास करू नका! चूक माझी आहे. हा प्रकार पुढे जातो, पण तापला की मागे येत नाही! मला घेतानाच माहीत होतं!"

अधिकाऱ्याने वहिनींकडे पाहिलं. "बाई, हे कशाबद्दल बोलतायत?"

"स्वतःबद्दल, साहेब," वहिनी म्हणाल्या. "अहो, बाजूला व्हा."

आणि त्यांनी इंजिनच बंद केलं. बंद गाडीत रिव्हर्स टाकला. खट्! अगदी निमूट पडला. क्लच दाबून ठेवला, किल्ली फिरवली, आणि ती लाल बया एक हिसका देऊन दोन ड्रमांच्या मधून मागे आली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी.

"इंजिन का बंद केलंत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मागे यायचं तर आधी शांत व्हावं, साहेब."

अधिकारी हसला. पास!

बहुतेकराव तिथल्या कठड्यावर मटकन बसले. छातीवरचा धोंडा उतरला होता. "तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. तुम्ही बसने गेलात की मी गाडी काढायचे. सराव नको? त्या गॅरेजवाल्यानेच ही युक्ती सांगितली."

"मग मला का नाही सांगितलंस? मी मंडईला किती चकरा मारल्या!"

"सांगणार होते. पण आईकडे तुम्ही इतके छान बसलात, की म्हटलं, चालू दे." मग त्यांनी आवाज नवऱ्याच्या ऑफिसातल्यासारखा केला. "दोष आधीपासून माहीत होता. तक्रार नामंजूर."

बहुतेकराव हसायला लागले ते थांबेनात. इतक्या महिन्यांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. उठून, कपडे झटकून, ते ऐटीत गाडीच्या दाराशी गेले. वहिनींनी आतून काच खाली केली.

"पडद्यांचे गठ्ठे मागच्या सीटवर आहेत, आणि पुढच्या सीटवर आता वाटेत पडद्यांचे दांडे घ्यायचेत. मी ते पोचवून येते. तुम्ही जाताना कुकरची रिंग घेऊन जा." गाडी सुरू झाली. "आणि त्या गॅरेजकडे बघू नका. समोर बघून चालत जा!"