नानांची मशीनमधली गाय

आमच्या मार्गासनीत दामूनानांची गाय कुणी बघितलेली नाही, पण तिची दुखणी सगळ्या गावाला पाठ. कारण ती गोठ्यात नाही, मशीनमध्ये आहे. नाव चंद्री. नानांच्या दारात ना शेण, ना वैरण, आणि नाना मात्र तोंड एवढंसं करून सांगणार, "आज चंद्रीला सुई दिलीय, बघू काय होतंय."

नाना आमच्या दूध केंद्राचे सचिव. नियम असा आहे, की गायीची कास सुजून डॉक्टरांनी सुई दिली, की काही दिवस तिचं दूध डेअरीला घालायचं नाही, औषध दुधात उतरतं. हा नियम आता तीन ठिकाणी बसवलाय. डॉक्टरांच्या मोबाईलमध्ये, आमच्या केंद्राच्या मशीनमध्ये आणि भोरला दूध थंड करतात तिथल्या कॉम्प्युटरमध्ये. डॉक्टरांनी कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला, की बाकी दोघांना आपोआप कळतं म्हणे. नानांचा त्या 'म्हणे'वर विश्वास नाही. म्हणून त्यांनी भोरहून एक चाचणीचा नंबर मागून घेतला. तीच चंद्री. तिला खोटी सुई, मग तिचं खोटं दूध, मग डॉक्टरांना आणि भोरला फोन. "तिघं एका तोंडानं बोलत्यात का, एवढंच सांगा." डॉक्टर म्हणायचे, नाना, मला खऱ्या गायीच आवरत नाहीत.

बाहेरही तेच. एका लग्नाचा मुहूर्त त्यांनी नवरीकडं, नवऱ्याकडं आणि मांडववाल्याकडं विचारला. मांडववाला पुढची वेळ सांगायला लागला, तर नाना त्याच्याशी भांडून आले.

अशात माझ्या तांबडीची कास सुजली. डॉक्टरांनी नवं औषध दिलं आणि घाईत सांगून गेले, मशीन घेईल तेव्हा घाला. नानांनी त्याच दिवशी चंद्रीलाही तेच औषध नोंदवायला लावलं. चौथ्या दिवशी मी किटली घेऊन केंद्रावर गेले. घरात दुसरं दुभतं नाही हो. पण मशीननं नंबर घेतला, दूध कॅनमध्ये पडलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

नानांनी चंद्रीचा नंबर घातला. आमचं मशीन म्हणालं, घ्या. भोरवाले म्हणाले, घ्या. डॉक्टरांचा फोन लागायला वेळ लागला. ते म्हणाले, माझ्या मोबाईलमध्ये तर बंद दाखवतंय. नव्या औषधाला पाच दिवस, आणि बाकी दोघं जुन्याच तीन दिवसांवर बसलेले.

टेम्पो दारात उभा होता, त्याला नानांनी हात केला, थांब. केंद्राचे चेअरमन धावत आले. "नसलेल्या गायीपायी असलेलं दूध ओतायचं व्हय, नाना? मशीन घ्या म्हणतंय, भोर घ्या म्हणतंय. तुमी कोण?"

"दोघं चुकीचं बोलत्यात," नाना म्हणाले. कॅन त्यांनीच आडवा केला. दूध रस्त्यापर्यंत गेलं. कुणाच्या गायीमुळं, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडं नजरसुद्धा टाकली नाही. चेअरमननी जाता जाता नानांना बजावलं, "उद्यापासून केंद्राची किल्ली माझ्याकडं द्यायची."

दुपारपर्यंत भोरवाल्यांनी दोन्हीकडचा नियम सुधारला. पण किल्लीबद्दल कुणी काही बोललं नाही. मी भाकरी बांधून नानांकडं गेले. ते पायरीवर बसले होते. म्हटलं, डॉक्टरांचं लेखी येईस्तोवर तरी थांबायचं. कामावर का उदार झालात?

नानांनी भाकरी मांडीवर ठेवली.

"सुमीला ह्या जातीचं औषध सोसत न्हाई, वयनी. ल्हान असताना एकदा दिलं, तर अंग सुजलं, श्वास अडाकला."

सुमी म्हणजे त्यांची एकुलती लेक. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून पुण्याला गेली, त्यानंतर येणं नाही की बोलणं नाही.

"आपलं दूध पुण्याला जातं. कोणती पिशवी कुणाच्या दारात पडंल, काय सांगावं."

मी म्हटलं, मग तिलाच फोन करून सांगा की, जपून राहा म्हणून.

"नंबर कुठाय माझ्याकडं?" नानांनी भाकरीचं फडकं उगाच सोडलं, पुन्हा बांधलं. "च्या मातर तिला नुसत्या दुधाचा लागायचा. पाण्याचा थेंब चालायचा न्हाई."