हरेश्वरकाकांची ‘संगीत आणीबाणी’

आमच्या बोईसरच्या सोसायटीत रोज सकाळी दूधवाल्याला अटक होते. हरेश्वरकाका दार उघडतात, एक हात उंच करतात आणि खड्या आवाजात गातात, “थांब गड्या, तुजवर वॉरंट आहे!” दूधवाला शांतपणे पिशवी देतो आणि म्हणतो, “चाचा, जमानत कल दे देना.”

काका माझे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, तारापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. काशीकाकू गेल्या, आणि महिन्याभरात काकांनी पेटी आणून नाटक लिहायला घेतलं. ‘संगीत आणीबाणी’.

“आणीबाणीवर गाणी?” मी विचारलं.

“मग काय रडायचं? रडलं की लोक उठून जातात. गायलं की बसतात.”

जिन्यात भेटेल त्याला ते भूमिका देत. आमच्या सेक्रेटरींना त्यांनी सेन्सॉर अधिकारी केलं आणि सरावासाठी सोसायटीच्या सगळ्या नोटिसांवर काळी शाई फिरवली. पाणी कधी येणार हे आठवडाभर कुणालाच कळलं नाही. मला मात्र कैद्याचं काम.

“मला गाता येत नाही, काका.”

“गायचं नाय. नुसतं बसायचं. तुमचा चेहरा मुळातच धरून आणल्यासारखा हाय.”

प्रयोग बेटेगावला, देवळाच्या मंडपात, रविवारी दुपारी झाला. निम्मे नट कामाच्या पाळीत अडकले, म्हणून काकाच मंत्री, काकाच फौजदार. टोप्या बदलताना एकदा मंत्र्याने स्वतःलाच पकडलं. लोक मनमुराद हसत होते. काकांच्या गावच्या बायकाही टेम्पो करून आल्या होत्या.

मग नसबंदीचा प्रवेश आला. बाजाराला आलेल्या पोराला गाडीत कोंबतात. पोरगा काकाच. “साहेब, माझं लग्न व्हायचंय!” आता साहेब झालेले सेक्रेटरी बेसूर गातात, “आकडा आमचा भरायचाय!” मंडपात हशा पिकला.

पुढचं कडवं काकांचं होतं. ते गायलेच नाहीत. हसू ओसरेपर्यंत उभे राहिले.

“तो पोरगा मी,” ते म्हणाले.

कुणीतरी उगाच हसलं आणि गप्प झालं.

“काशीला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, लोकांना नका सांगू, पुरुषाला फार हसतात. मला बोलतील तर बोलू दे. तुमी बोललात. तिला कुणी बारशाला बोलावलं नाय, ओटी भरायला पुढं येऊ दिलं नाय. तिनं जन्मभर तोंड उघडलं नाय. आता ती नाय, म्हणून सांगतो. दोष तिचा नव्हता.”

पुढच्या रांगेतली त्यांच्या गावची एक म्हातारी उठली. “हरेश, आमाला ठाव नव्हतं रे.”

“तिनंच ठाव होऊ दिलं नाय, वहिनी.”

पडदा कुणी पाडला आठवत नाही. मंडप रिकामा झाला तेव्हा काका टॉवेलने तोंडाचा रंग पुसत होते.

“छान झालं, काका. चला, रिक्षा थांबलीय.”

“छान झालं ना?” ते एकदम खुलले. “लोक उठून गेले नाय.”

“एकही नाही.”

ते उठायला लागले आणि पुन्हा खाली बसले.

“जरा थांबू,” ते म्हणाले. “घरी जाऊन सांगायचं कुणाला?”