खापरे काकांचा शेरा

ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्कोत पहाटे साडेपाचलासुद्धा दार उघडलं की इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. अशा पहाटे आमच्या समोरच्या ड्राइव्ह-वेवर सत्तरी ओलांडलेला एक माणूस कानटोपी, दोन स्वेटर, मफलर आणि लोकरी हातमोजे घालून उभा असतो. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका बाईने एकदा काळजीने थांबून विचारलं, "सर, आर यू ओके?" त्यांनी कानटोपी कानावरून जराशी वर सरकवली आणि म्हणाले, "येस येस. गोइंग टू बर्फ."

हे खापरे काका. समोरच्या निखिल खापरेचे वडील. मूळचे अमरावतीचे. काकू गेल्यावर निखिलने त्यांना इकडे आणलं, त्याला आता तीन वर्षं झाली. निखिल स्वभावाने शांत आणि सभ्य आहे. बापलेकांमध्ये जे बोलणं व्हायचं ते "दूध आहे का?" आणि "गोळी घेतली का?" एवढ्यात संपायचं.

आणि काका ज्या बर्फाकडे निघालेले असतात, तिथे त्यांना घेऊन जाणारा दुर्दैवी इसम म्हणजे मी.

माझी मुलगी ईरा दहा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीला आइस रिंकवर गेली आणि येताना आइस हॉकीचं वेड घेऊन आली. माझं सगळं बालपण पुण्यात गल्लीतल्या क्रिकेटवर निघालं. बर्फ मला उसाच्या रसातला माहीत. पण मुलीचा हट्ट. टेक्सासमध्ये रिंक कमी आणि खेळणारी मुलं बरीच, त्यामुळे लहान मुलांच्या वाट्याला पहाटेची वेळ येते. आठवड्यातून चार दिवस सहा वाजता प्रॅक्टिस. त्यासाठी पाचला उठायचं, ईराच्या वजनाएवढी आणि मेलेल्या उंदराच्या वासाची किट बॅग गाडीत टाकायची, वीस मिनिटं गाडी हाकायची आणि मग तासभर कुडकुडत बसायचं. आदल्या दिवशी भारतातल्या टीमबरोबर कॉल रेंगाळलेला असला, की मी डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या वापरायचो.

एक दिवस मी बॅग गाडीत कोंबत असताना काका रस्ता ओलांडून आले.

"समीरभाऊ, रोज पहाटे कुठं जाता?"

मी सांगितलं.

"मी येऊ?"

"काका, तिथे फार थंडी असते."

"असू द्या. माझ्याजवळ स्वेटर आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ते काळं काळं काय पळून राहिलं?" म्हणजे ज्या चकतीभोवती सगळा खेळ चालतो ती पकसुद्धा त्यांना माहीत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ते खिशातून एक छोटी वही काढून प्रत्येक मुलाच्या जर्सीच्या नंबरापुढे शेरे लिहू लागले.

इथे त्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. काका एकतीस वर्षं कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असायची. हे कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस बाहेर काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणायचे आणि उभ्या उभ्या निकाल द्यायचे. धागा किती लांब, ओलावा किती, कचरा किती. "मशीन नंतर आली," ते सांगायचे, "आणि मशीनने माझ्या बोटाच्या वेगळं कधी काही सांगितलं नाही."

मुलांकडेही ते त्याच नजरेने बघत. "वरून पांढरंशुभ्र दिसते सगळंच. धागा पाहा लागते, भाऊ."

नऊ नंबरचा मुलगा वाऱ्यासारखा पळायचा. सगळे आईबाप त्याच्याकडे बघून सुस्कारे सोडायचे. काकांनी लिहिलं, "ओलावा जास्त."

"म्हणजे काय?" मी जांभई देत विचारलं.

"ओल्या कापसाचं वजन भरते, माल तेवढा नसते. नीट पाहा. कोच पाहते तोवर पळते. कोचने पाठ फिरवली की हा उभा."

मी पाहिलं. मुलगा खरंच उभा होता.

चौदा नंबर चिडका होता, काठी आपटायचा. "कचरा आहे, पण वेचता येते." गोलकीपर मुलगी एकदम पसंत. "एक नंबर माल. तिच्या आईला मात्र घरी ठेवा." ती आई माझ्या पुढच्याच रांगेत बसून तासभर ओरडत असे, आणि सुदैवाने तिला मराठी येत नव्हतं.

आमचा कोच रिक म्हणजे मिनेसोटाहून आलेला साडेसहा फुटी माणूस. त्याने एकदा गमतीने काकांना विचारलं, "मिस्टर के, सात नंबरबद्दल काय मत?" काका वही न उघडताच म्हणाले, "सेव्हन गुड. लेफ्ट लेग, प्रॉब्लेम." रिकने मुलाचा डावा बूट काढून पाहिला तर तो आतून मोडलेला. त्या दिवसापासून रिक बर्फावर उतरण्याआधी काकांकडे पाहून दोन बोटांनी सलाम ठोकू लागला.

मग काय, पालकांची रीघ लागली. हैदराबादचे एक गृहस्थ रोज येऊन विचारत, "अंकल, माझा मुलगा किती वर जाईल?" काकांनी आठवडाभर टाळाटाळ केली आणि शेवटी हिंदीत सांगून टाकलं, "लडका अच्छा है. पर उसको यहाँ आनाच नहीं है." गृहस्थांनी दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं. मग त्यांचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला, आणि एका सकाळी ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन खास काकांना भेटायला रिंकवर आले.

काका एक दिवससुद्धा चुकवत नसत. प्रॅक्टिस कॅन्सल झाली की माझ्या अंगात सणाचा उत्साह संचारायचा आणि काकांचा चेहरा पडायचा. "अरेच्चा. मग आता कुठं जाऊ?" म्हणत ते कोपऱ्यावरच्या पार्कच्या दिशेने चालू लागायचे. म्हाताऱ्या माणसाला छंद जडला, एवढाच अर्थ मी त्यातून काढला होता.

काकांनी वहीत ज्याच्यापुढे काहीही लिहिलं नव्हतं असा नंबर एकच होता. सतरा. तो ईराचा.

"काका, ईराचं काय?"

"बोंड फुटू द्या नं भाऊ. घाई काहून करता?"

दोन हिवाळे गेले तरी ते बोंड फुटेना. खरं सांगायचं तर मला निकाल हवा होता, आणि माझ्या बाजूने हवा होता. पाठीचे मणके सुट्टे झाले होते. मी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये खरोखरच उभ्याने झोपलो होतो. काकांनी एकदाचं "हिच्यात दम नाही" म्हणावं, आम्ही त्या बॅगेला आदरपूर्वक निरोप द्यावा आणि मी सहा वाजेपर्यंत झोपावं, असं स्वप्न मी जागेपणी पाहायचो. हे एकदा बायकोला, मृणालला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तूच सांग तिला." पण ईरा बर्फावर पडून उठते तेव्हा हेल्मेटच्या जाळीतून हसते. ते मी पाहिलेलं होतं.

एप्रिलमध्ये ट्रायआउट झाली. गावोगाव जाऊन खेळणाऱ्या मोठ्या टीमसाठी ही निवड. शनिवार-रविवार बाहेरून आलेले तीन परीक्षक हातात क्लिपबोर्ड घेऊन काचेमागे उभे होते. ईरा जीव तोडून खेळली. रविवारी संध्याकाळी ईमेल आली. स्केटिंग, वेग, शरीरयष्टी, खेळाची समज, सगळ्यापुढे पाचपैकी आकडे, आणि खाली एक ओळ: मेहनती आहे, पुढे वाढण्याची शक्यता मर्यादित. निवड नाही.

ती ईमेल माझ्या आधी ईराने माझ्याच फोनवर वाचली. "इट्स फाइन, बाबा," म्हणाली आणि खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. गंमत म्हणजे ज्या निकालाची मी दोन वर्षं वाट पाहत होतो तो समोर आला होता, आणि मला ते क्लिपबोर्ड मोडून टाकावेसे वाटत होते.

सोमवारी पहाटे मी मुद्दाम गजर लावला नाही. पाचला ईरानेच येऊन मला हलवलं. "बाबा, वी आर लेट." तिच्या जुन्या टीमची प्रॅक्टिस होती.

गाडीत काका पुढे, ईरा मागे. निकाल काकांना मी आदल्या दिवशीच सांगितला होता. गाडी हायवेला लागली. मग मागून आवाज आला.

"आजोबा, तुम्ही सगळ्यांना ग्रेड देता. माझी काय आहे? ॲम आय गुड?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. या माणसाने एकतीस वर्षांत कोणाच्या तोंडाकडे बघून शेरा बदलला नव्हता, हे मला त्यांनीच अनेकदा ऐकवलं होतं.

काका सीट बेल्टमधून वळता येईल तेवढे मागे वळले. "बेटा, मला हॉकीचं काही समजत नाही."

"पण तुम्ही बाकी सगळ्यांना सांगितलं!"

"फेकत होतो."

"व्हॉट?"

"थापा मारत होतो मी. कापूस पाहणारा माणूस, मला बर्फातलं काय कळते? ते रिकही भोळं आहे, ऐकून घेते."

निकालानंतर ईरा पहिल्यांदा हसली. "आजोबा, यू आर सच अ फ्रॉड!"

"हो नं," काका समाधानाने म्हणाले आणि सरळ बसले.

ती बर्फावर उतरल्यावर मी बाकावर त्यांच्या शेजारी सरकलो. "काका, आता खरं सांगा."

त्यांनी बर्फावरच्या सतरा नंबरकडे पाहिलं. "त्या लोकांनी बरोबर लिहिलं, भाऊ. मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मध्यम धागा. पोट्टी खेळेल, पण फार वर नाही जाणार."

"मग मला तरी सांगायचं ना."

"एकदा सांगून पाहिलं होतं."

"कोणाला?"

"आमचा निखिल पोहायचा. अमरावतीला तलावावर रोज पहाटे मी सायकलवर डबलसीट नेत होतो. तेरा वर्षांचा होता. विभागाच्या स्पर्धेत तिसरा आला. मेडल गळ्यात होतं, अंग ओलं होतं, तसाच पळत आला. म्हणे, बाबा, मी स्टेटला जाईन नं? मी म्हटलं, नाही जमणार. हात आखूड आहेत तुझे. अभ्यासाला लाग." काकांनी हातमोजा काढला आणि परत घातला. "बरोबरच होतं ते. कोणालाही विचारा. त्या दिवसानंतर तो तलावावर नाही आला. मी म्हटलं, समजदार आहे पोरगा. त्याची आई म्हणाली, त्याने तुम्हाला स्टेटचं विचारलंच नव्हतं हो, शाबासकी मागितली होती."

बर्फावर ईरा पडली, उठली. मी हातातला फोन खिशात ठेवला.

त्या दिवशी बर्फ सपाट करणारं मशीन बिघडलं आणि प्रॅक्टिस वीस मिनिटं आधीच संपली. परतताना ईरा मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली. मलाही पेंग येत होती. घरी जाऊन निदान दहा मिनिटं आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. आमच्या गल्लीच्या वळणावर मी इंडिकेटर दिला तेव्हा काकांनी घड्याळ पाहिलं.

"समीरभाऊ, एक चक्कर मारता का?"

"कुठे?"

"कुठंही. सव्वासात तर झाले. साडेसातच्या आधी नको."

मी गाडी बाजूला घेतली. काका समोरच्या काचेतून बाहेर बघत बोलू लागले.

"इकडे आलो तेव्हा एका पहाटे लवकर जाग आली. खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं, तर निखिल पूलमध्ये. काय पोहत होता, बापा! पाण्याचा आवाज नाही. मी दार उघडून बाहेर गेलो. त्याने मला पाहिलं आणि थांबला. टॉवेल गुंडाळला. झालंच होतं बाबा, म्हणे, आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी उतरला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी घरात जागा असलो की उतरतच नाही तो. आणि मला तर चारलाच जाग येते." त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "मग तुम्हाला विचारलं, मी येऊ का."

दोन वर्षं. आठवड्यातून चार दिवस.

"आता पोहतो?" मी विचारलं.

"सून म्हणते, मी बाहेर पडलो की पोहतो. रोज."

"कसा पोहतो?"

"मला काय माहीत, भाऊ? मी कुठं असतो तिथं?"

मी इंडिकेटर बंद केला आणि गल्ली ओलांडून गाडी सरळ पुढे नेली.